माजघरांतून रस्ता

पुण्यांतील फाटकांवर जें वाङ्मय लिहिलेलें असतें, त्याचा कोणीं तरी एकदां सविस्तर अभ्यास करावयास हवा. आमच्या गल्लींत घरें अकरा आणि फाटकांवरील पाट्या सतरा आहेत. त्यांतील सर्वांत जुनी पाटी संगमरवरी असून तिच्यावर ‘कृपया फाटकासमोर वाहन उभें करूं नये’ एवढाच मजकूर कोरलेला आहे. ज्या गृहस्थांनीं ती बसविली त्यांचा ‘कृपया’ या शब्दावर विश्वास असावा. त्यानंतरच्या पाट्या पत्र्याच्या आहेत, आणि त्यांतून ‘कृपया’ नाहींसें झालें आहे. तिसऱ्या पिढीच्या पाट्या प्लॅस्टिकच्या. त्यांवर तांबड्या अक्षरांत ‘चाकांतील हवा सोडली जाईल’ अशी धमकी आहे. कोपऱ्यावरील घराच्या मालकांनीं तर ‘व ती परत भरून मिळणार नाहीं’ असा खुलासाही जोडला आहे. विनंतीपासून दंडापर्यंतचा हा प्रवास सुमारें तीस वर्षांचा असावा. या अवधींत पाट्यांची भाषा जसजशी कडक होत गेली, तसतशा गाड्या पाट्यांच्या अधिकाधिक जवळ उभ्या राहूं लागल्या, हें मात्र मी डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

वास्तविक या पाट्यांचें कांहीं कारणच नाहीं. दुसऱ्याच्या प्रवेशद्वारासमोर, पदपथावर, वळणापाशीं किंवा चौकाच्या तोंडाशीं गाडी उभी करूं नये, हें १९८९ सालच्या रहदारीच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलें होतें. जें कायद्यानें अगोदरच निषिद्ध आहे, तें निषिद्ध असल्याचें प्रत्येक घरमालकानें स्वतःच्या खर्चानें रंगवून घ्यावें, असा हा मामला आहे. ‘येथें चोरी करूं नये’ अशी पाटी कोणी तिजोरीवर लावल्याचें ऐकिवांत नाहीं.

आमची गल्ली एरंडवण्यांत, कर्वे रस्त्यापासून फार दूर नाहीं. तिचीं दोन्ही तोंडें दोन मोठ्या रस्त्यांस मिळतात, हेंच तिचें दुर्दैव म्हणावयाचें. रुंदी जेमतेम वीस फूट. मी लहान असतांना दोहों बाजूंस बैठे बंगले होते, कुंपणाबाहेर डोकावणारे आंबे होते, आणि दुपारच्या वेळीं भाजीवालीच्या हाळीखेरीज दुसरा आवाज नसे. मोटार आली तर ती कोणाकडे आली हें गल्लींतील सर्वांस ठाऊक असे. पुढें बंगल्यांच्या जागीं पांचमजली इमारती आल्या. त्यांचेंही मला वाईट वाटलें नाहीं. माणसें वाढलीं, कीं त्यांना राहावयास घरें हवींत. आंब्याच्या आठवणींवर कोणाचा संसार होत नाहीं.

खरा बदल झाला तो मेट्रोच्या बांधकामाच्या वेळीं. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा मार्ग ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाला. त्यापूर्वींचीं कित्येक वर्षें कर्वे रस्त्याच्या मध्यावर पत्र्यांचे आडोसे उभे होते आणि उरलेल्या अरुंद पट्ट्यांतून रहदारी मुंगीच्या पावलांनीं सरकत असे. अशा वेळीं लोकांनीं आडवाट शोधली तर त्यांना दोष देतां येत नाहीं. आमची गल्ली त्यांना सांपडली. प्रथम दुचाकी आल्या, मग रिक्षा, मग मोटारी, आणि शेवटीं पाण्याचे टँकर. आम्ही एकमेकांचें समाधान करीत होतों, ‘काम चालू आहे तोंपर्यंत सोसावयाचें.’ काम संपलें. पत्रे निघाले. रहदारी मात्र निघाली नाहीं.

तिला आतां वाट पाठ झाली होती. आणि जिला पाठ नव्हती तिला फोनमधील नकाशा शिकवीत होता. त्या नकाशाला रस्ता म्हणजे केवळ लांबी आणि वेळ. तेथें कोणी राहतें कीं काय, हें त्याच्या हिशेबांत नसतें. दोन मिनिटें वांचतात एवढें दिसलें, कीं तो शेंकडों माणसांस एकाच सुरांत सांगतो, ‘डावीकडे वळा.’ हें दुखणें आमचें एकट्याचें नाहीं. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील लिओनिया नांवाच्या लहानशा गांवानें याच त्रासाला कंटाळून जानेवारी २०१८ मध्यें आपले सुमारें साठ रस्ते गर्दीच्या वेळीं परक्या गाड्यांस बंद केले होते. न्यायालयानें त्याच वर्षीं तो हुकूम रद्द ठरविला. सार्वजनिक रस्ता सर्वांचा, हें तत्त्व तेथेंही आड आलें, आणि तें आड यावें हें मला योग्यच वाटतें. पण सर्वांचा रस्ता म्हणजे तेथें राहणाऱ्यांचा मुळींच नव्हे, असाही त्याचा अर्थ होऊं नये.

या विषयावर मीं थोडें वाचन केलें. १९६३ सालीं इंग्लंडांत कॉलिन बुकॅनन यांच्या प्रमुखत्वाखालीं शहरांतील रहदारीविषयीं एक अहवाल प्रसिद्ध झाला. हे बुकॅनन जन्मानें सिमल्याचे; १९०७ सालीं तेथें जन्मले. त्यांनीं शहराला मोठ्या रुग्णालयाची उपमा दिली आहे. रुग्णालयांत माणसें, अन्न, औषधें, कपडे यांची अखंड ये-जा असते. परंतु ती मधल्या लांब वाटांनीं होते. रोग्यांच्या खोल्या त्या वाटांना लागून असतात, पण खोलींतून पलीकडे जाण्याचा रस्ता नसतो. जेवणाच्या गाड्या शस्त्रक्रियेच्या दालनांतून ढकलीत नेल्या जात असतील, तर त्या इमारतीची मांडणीच चुकली असें समजावें. शहरांतील वस्त्या या खोल्या, आणि मोठे रस्ते या वाटा. हें वाचतांना मला आमच्या आजोळचा वाडा आठवला. तेथें ओसरीवर कुळें येत, पाहुणे येत, मागल्या दारीं गवळी येई. पण माजघरांतून परक्या माणसानें ये-जा करावी हें कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें. त्यासाठीं माजघराच्या दारावर पाटी लावावी लागत नव्हती. वाड्याची बांधणीच तशी होती.

बांधणीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण पाट्या लावतों, भांडतों, माणसांच्या संस्कारांवर घसरतों; परंतु सरळ, रुंद, दोन्हीकडे उघडा असा रस्ता चालकाला एकच गोष्ट सांगत असतो आणि आपली पाटी त्याच्या उलट सांगत असते. चालक रस्त्याचें ऐकतो.

रहदारीनें गल्लीचें काय होतें, याचाही हिशेब कोणीं मांडलेला असेल असें मला वाटलें नव्हतें. पण तो मांडलेला आहे. डॉनल्ड ॲपलयार्ड नांवाच्या प्राध्यापकांनीं १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को शहरांतील तीन रस्त्यांची पाहणी केली. तिन्ही रस्ते दिसावयास सारखेच, फरक रहदारीचा. एकावर दिवसाला सुमारें २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावरील माणसास त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहा परिचित असत. जास्त रहदारीच्या रस्त्यावर मित्र एकसुद्धां पुरता भरत नव्हता आणि परिचित तीनच. ‘तुमचें घर कोठपर्यंत?’ असें विचारून नकाशावर रेघ ओढावयास सांगितली, तेव्हां पहिल्या रस्त्यावरील लोकांनीं सबंध रस्ता आपल्या घरांत धरला. तिसऱ्या रस्त्यावरील लोकांची रेघ आपल्या इमारतीच्या दारापलीकडे फारशी गेली नाहीं. रहदारीचे बळी म्हणून आपण अपघात तेवढे मोजतों. शेजार मरतो, त्याचा पंचनामा होत नाहीं. या ॲपलयार्डसाहेबांचा १९८२ सालीं अथेन्समध्यें भरधाव मोटारीखालीं अंत झाला. १९८१ सालीं त्यांचें पुस्तक निघाल्याला तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें.

आमच्या गल्लींत त्या रेघेचा अनुभव मला एका वृद्ध शेजाऱ्यांवरून आला. ते गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले असून वय चौऱ्यायशींच्या घरांत आहे. सगळी गल्ली त्यांना आजोबा म्हणते. पूर्वीं सायंकाळीं ते काठी टेकीत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि वाटेंत प्रत्येक फाटकाशीं दोन मिनिटें थांबत. कोणाचा निकाल लागला, कोणाचें लग्न ठरलें, कोणाकडे कोण आजारी, ही सर्व बातमी त्यांच्यामार्फत इकडून तिकडे जाई. पदपथ असा आमच्याकडे नाहींच; आहे तो दीड फुटांचा आणि त्यावर दुचाकी उभ्या. तेव्हां चालावयाचें तें रस्त्यावरून. गाड्या वाढल्या तसे आजोबा अर्ध्या गल्लीपर्यंत येऊं लागले, मग आपल्या फाटकापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. मीं एकदां विचारलें, “आजोबा, हल्लीं दिसत नाहीं तुम्ही खालीं?” ते म्हणाले, “अरे, खालीं येऊन करूं काय? मागून शिंग वाजलें कीं दचकून अंग आंखडावयाचें, आणि ज्याच्यासाठीं अंग आंखडलें त्याचें तोंडसुद्धां दिसत नाहीं.”

गेल्या वर्षीं श्रावणांत एका रात्रीं त्यांच्या छातींत दुखूं लागलें. १०८ क्रमांकास फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली. दहा-बारा मिनिटांत ती गल्लीच्या तोंडाशीं होती, आणि तेथेंच थांबली. नेमक्या वळणावर एक लांबलचक मोटार उभी होती. समोरच्या बाजूस दुसरी. मधून रिक्षा गेली असती, रुग्णवाहिका वळेना. मोटार कोणाची हें कोणास ठाऊक नव्हतें. आम्ही शिंगें वाजविलीं, हांका मारल्या, तिला चौघांनीं मिळून हलवून पाहिलें. तिच्यांतून फक्त धोक्याची किंचाळी सुरू झाली आणि ती थांबेना. शेवटीं आजोबांस स्वयंपाकघरांतील खुर्चीवर बसवून, वर छत्री धरून, आम्ही खुर्चीसकट गल्लीच्या टोकापर्यंत नेलें. साठ-सत्तर पावलांचें अंतर असेल. पाऊस पडत होता. खुर्चीचा एक पाय माझ्या हातांत होता आणि आजोबांचे डोळे मिटलेले होते, एवढेंच मला आतां स्पष्ट आठवतें. ते वांचले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर होता तर सांगतां आलें नसतें.

तिसऱ्या दिवशीं आमच्या इमारतीच्या गच्चीवर सबंध गल्लीची सभा भरली. इतकीं माणसें मीं एकत्र पाहिलीं तीं पहिल्यानेंच. कित्येकांचीं नांवें मला ठाऊक नव्हतीं. प्रथम दीड तास संताप झाला. त्या वळणावरील गाडी बाहेरची होती, यावर सर्वांचें एकमत होतें. कोणी म्हणाले, दोन्ही टोकांना लोखंडी दारें बसवूं आणि रखवालदार ठेवूं. एका वकिलांनीं समजावून सांगितलें, कीं रस्ता महापालिकेचा आहे, त्याला आपल्याला कडी घालतां यावयाची नाहीं. कोणी म्हणाले, कुंड्या मांडूं. तेंही अतिक्रमणच. मग एक काकू उठल्या. त्या एरवीं सभेंत बोलणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, “बाहेरच्यांचें एवढें काय बोलतां? रात्रीं अकराला खालीं जाऊन मोजा, कोणाच्या गाड्या आहेत त्या.”

त्या रात्रीं खरोखरच मोजदाद झाली. रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींपैकीं जवळजवळ दोन तृतीयांश आमच्याच गल्लींतील होत्या. ही बातमी कोणास फारशी रुचली नाहीं. इमारतींच्या तळमजल्यावर गाड्यांसाठीं म्हणून जी जागा मंजूर करून घेतलेली असते, तिच्यांत जुनीं कपाटें, गणपतीच्या आराशीचें सामान आणि एके ठिकाणीं तर पिठाची गिरणी होती. जपानांत १९६२ सालापासून कायदा आहे, कीं गाडी ठेवावयास रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला आणल्याखेरीज मोटार नांवावर करून घेतां येत नाहीं. लहानशा गाड्यांना कांहीं भागांत त्यांत सवलत आहे, पण तत्त्व हें. आपल्याकडे मोटार घेतांना रंग कोणता याचा खल महिनाभर चालतो. ती रात्रीं निजणार कोठें, हा प्रश्न शोरूमच्या बाहेर पडल्यावर सुचतो. पुणें महापालिकेनें २०१८ सालीं पार्किंगचें धोरण मंजूर केलें होतें, परंतु त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षें रेंगाळली. रस्त्यावर गाडी उभी करावयास पैसे पडावेत असें म्हटलें, कीं सर्व पक्षांच्या सर्व माणसांचें एकमत होतें, आणि तें विरुद्ध बाजूनें होतें. वीस फुटी रस्त्यांतील सहा फूट मीं फुकट वापरावे आणि तो माझा हक्क समजावा, या गोष्टीचें आम्हांस नवल वाटेनासें झालें आहे.

मोजणीचा एक चांगला परिणाम झाला. तळमजले रिकामे करण्यांत आले. गिरणीचा प्रश्न मात्र तीन महिने चालला. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूस उभ्या करावयाच्या, असें ठरलें. आणि दोन्ही तोंडांशीं पिवळे पट्टे मारून घेऊन तेथें कोणीही, पाहुण्यानेंसुद्धां, गाडी उभी करावयाची नाहीं, असें ठरलें. रविवारीं सकाळीं जवळच्या मिसळीच्या दुकानापुढें जी झुंबड उडते, तिला हे पट्टे दिसत नाहींत. इतर दिवशीं ते पुष्कळसे पाळले जातात.

बाहेरच्या रहदारीचें काय करावें, हा दुसरा भाग अधिक कठीण निघाला. त्यांत आजोबांनीं अनपेक्षितपणें हात घातला. रुग्णालयांतून आल्यावर त्यांना गॅलरींत बसण्याखेरीज उद्योग नव्हता. त्यांनीं नातीकडून शंभर पानी वही मागवून घेतली आणि सकाळीं नऊ ते दहा व सायंकाळीं सहा ते सात जाणाऱ्या गाड्या मोजावयास आरंभ केला. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी. गल्लींत थांबणारीं वाहनें एका रकान्यांत, आरपार जाणारीं दुसऱ्या. महिन्याच्या शेवटीं ती वही आम्ही अर्जाला जोडली. साध्या अर्जाकडे जो अधिकारी मान वर करून पाहत नव्हता, त्यानें ही वही पानें उलटून पाहिली आणि विचारलें, “हें कोणीं केलें?” पहिल्या रकान्यांत शंभरांतील दहा वाहनेंही नव्हतीं.

त्यानंतर पंधरा दिवस गल्ली एकेरी करून पाहण्यांत आली. गाड्या कमी झाल्या. परंतु समोरून कोणी येत नाहीं अशी खात्री पटल्यामुळें ज्या राहिल्या त्या पूर्वींपेक्षां वेगानें जाऊं लागल्या. तो प्रयोग आमच्याच विनंतीवरून बंद झाला. मग गतिरोधक आले. गतिरोधक म्हणून प्रथम जें आलें, तें काळ्यापिवळ्या प्लॅस्टिकची वीतभर रुंद पट्टी खिळ्यांनीं ठोकलेली. तिच्यावरून वेगानें गेलें तर एकच धक्का बसतो, आणि हळू गेलें तर दोन. दुचाकीवाले कडेच्या फटींतून जात. रात्रीं टँकर गेला, कीं आमच्या खिडकीच्या कांचा वाजत. रस्तेबांधणीच्या १९८८ सालच्या भारतीय मानकांत याचें माप दिलेलें होतें: गोलाई असलेला, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. त्यावरून ताशीं २५ किलोमीटरनें गेल्यास त्रास होत नाहीं, अधिक वेगानें गेल्यास होतो. म्हणजे तो रांगोळीइतका चपटा नको आणि उंबरठ्यासारखा उभाही नको. असा एक शास्त्रशुद्ध उंचवटा, बऱ्याच पत्रव्यवहारानंतर, गल्लीच्या पूर्वेकडील तोंडाशीं झाला आहे. त्यानें जो फरक पडला तो मला खिडकींतून दिसतो. गाडी तेथें हळू होते. आणि गाडी एकदां हळू झाली, कीं चालकाला माणसें दिसूं लागतात.

परंतु येथें एक नवीनच अडचण उद्भवली. आमच्याकडून जी रहदारी कमी झाली, ती शेजारच्या गल्लींत गेली. तेथील चार गृहस्थ एके दिवशीं आमच्याकडे आले. ते भांडावयास आले होते, आणि त्यांचें म्हणणें रास्त होतें. आपल्या अंगणांतील केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटण्यासारखेंच तें झालें. हॉलंडांत डेल्फ्ट शहरानें असे रस्ते प्रथम बदलावयास घेतले आणि १९७६ सालीं त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. अशा रस्त्यावर फरसबंदी सलग असते, मध्येंच झाडें आणि बांके असतात, मुलांना खेळण्याचा हक्क असतो आणि मोटारीला माणसाच्या चालीनें जावें लागतें. डच भाषेंत त्याला ‘वूनर्फ’ म्हणतात. शब्दशः अर्थ पाहिला तर ‘राहण्याचें अंगण’. बुकॅनन यांचा आग्रह तर सबंध वस्तीचाच होता. एकट्या गल्लीला औषध देऊन भागत नाहीं; चारी मोठ्या रस्त्यांच्या मधला सगळा भाग एक घर समजून त्याच्या माजघराची व्यवस्था लावावी लागते.

शेजारच्या गल्लीवाल्यांना आम्ही चहा दिला. बोलण्यांतून असें निघालें, कीं पलीकडची आणखी एक गल्लीही याच त्रासांत आहे. आतां तिन्ही गल्ल्यांचा मिळून एक अर्ज गेला आहे. प्रत्येक गल्लीच्या दोन्ही तोंडांशीं उंचवटा, वळणांवर पिवळे पट्टे, आणि मधल्या एका जोडरस्त्यावर मोटारींस आरपार जाण्यास बंदी, पण पायीं व सायकलनें जाणाऱ्यांस मोकळीक, अशी त्यांत मागणी आहे. अर्जाबरोबर तीन वह्या जोडल्या आहेत. दुसऱ्या दोन गल्ल्यांतील मोजणारांस रेघा कशा मारावयाच्या हें शिकविण्यासाठीं आजोबा स्वतः तेथपर्यंत चालत गेले होते. नात बरोबर होती, आणि वाटेंत ते दोनदां टेकले. अर्ज कचेरींत जाऊन सात आठवडे झाले. सोमवारीं सकाळीं मी कामावर निघालों, कीं वरून गॅलरींतून प्रश्न येतो, “काय रे, पोंच मिळाली का?”